आजोबा निवृत्त शिक्षक होते. वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे, पण ‘शिस्तप्रिय, मनमिळाऊ’ यापुढे काही सुचत नाही. काय लिहावं?

ती दोन्ही विशेषणं आधी बाजूला ठेवा. आजोबा तसे असतीलही, पण गोव्यातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं श्रद्धांजलीचं पान उघडलं तर तिथं प्रत्येक मास्तर शिस्तप्रिय आणि मनमिळाऊच असतो. त्यातून तुमचे आजोबा डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. ते काय करायचे, कसं करायचे, ते लिहा.

माझे बाबाही प्राथमिक शिक्षक. घर फोंडा तालुक्यात, बरीचशी नोकरी सत्तरी तालुक्यात. ते गेल्यावर मीही लिहायला घेतलं, तेव्हा सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो त्यांच्या सेवापुस्तकाचा. पेन्शनच्या कागदांत त्याची प्रत सापडते का बघा. कुठल्या शाळेत कधी रुजू झाले, बदली कधी झाली, रजा किती घेतली, सगळं तारीखवार असतं. बाबांच्या नावावर एकदाच लांबलचक रजा दिसली. आईला विचारलं, तर ती माझ्या धाकट्या बहिणीच्या टायफॉइडची निघाली. रात्रभर तिच्या उशाशी बसून बाबाच कपाळावरच्या घड्या बदलायचे म्हणे. हे घरात आजवर कुणी बोललंच नव्हतं. एकेक नोंद घेऊन घरातल्या मोठ्यांजवळ बसा, आठवणी निघत जातात.

आजोबांचा जन्म गोवा मुक्तीच्या आधीचा असेल, तर ते स्वतः कसे शिकले हे लिहायला विसरू नका. १९६१च्या आधी सरकारी शाळा पोर्तुगीजमधून. मराठी शिकायचं तर खाजगी शाळा, आणि ती पुष्कळदा देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कुणाच्या ओसरीवर भरायची. मास्तरांचा पगार गावकरी वर्गणी काढून द्यायचे. बाबा सकाळी अशा शाळेत बाळबोध गिरवायचे आणि पुढे पोर्तुगीज शाळेची प्रिमेर ग्राव ही पहिल्या पातळीची परीक्षाही झाले. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यांना एकदम शिक्षक हवे झाले आणि बाबांसारखी पोरसवदा माणसं मास्तर झाली. स्वतःला शिकायला मिळण्यासाठी झगडलेली ही पिढी होती, म्हणून एखादं मूल शाळेत आलं नाही की त्यांना ते सहन व्हायचं नाही. मला तरी त्यांच्या शिस्तीचं मूळ इथंच दिसतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आजोबांच्या विद्यार्थ्यांना गाठा. बाबांच्या बाराव्याला सत्तरीतल्या वाळपईकडचे एक गृहस्थ आले होते, वय साठीच्या आसपास. त्यांनी सांगितलं ते आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. काजूच्या मोसमात तिकडची अख्खी कुटुंबं डोंगरावर जायची. मुलं बोंडू गोळा करायची, बिया पिळून वेगळ्या काढायची, आणि शाळेचे बाक रिकामे पडायचे. शाळा सुटली की बाबा तो चढ चढून काजूची दारू गाळायच्या भट्टीपाशी जायचे. दगडावर कोळशानं आकडे मांडायचे, बियांचे पाच-पाचाचे, दहा-दहाचे ढीग करून पाढे म्हणून घ्यायचे. मुलं पक्की झाल्यावर त्यांना वजनाचा हिशेब शिकवला. इतके किलो बिया, किलोचा भाव इतका, तर व्यापाऱ्याकडून पैसे किती यायला हवेत? ‘त्या साली माझ्या बापायनं पयल्यांदा दुकानदाराक हिशेब इचारलो,’ असं ते गृहस्थ म्हणाले आणि तिथंच ओट्यावर बसून रडले. बाबांविषयी मी पानंच्या पानं लिहिली असती, तरी त्यांच्या या एका आठवणीची सर त्याला आली नसती.

घरातला माणूसही पुस्तिकेत यायला हवा, कारण मास्तरपण घरी आल्यावर संपत नाही. चवथीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची आरास, बांधायचं काम बाबांचं. कांगलां, कवंडळ, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घोस, असं सगळं अंगणात मांडायचं. आम्ही भावंडांनी एकेक जिन्नस उचलून त्याचं नाव सांगायचं, तो कुठल्या झाडाचा की वेलीचा ते सांगायचं, मगच बाबा तो बांधायला घेणार. चुकलं तर ओरडायचे नाहीत, फळ परत हातात द्यायचे. आज माझ्या मुलीला ती सगळी नावं येतात. तुमच्याकडेही असं काहीतरी असणारच. आजीला विचारा, आत्यांना विचारा.

आजोबा रागीट असतील तर तेही लिहा. छडी खाल्लेले विद्यार्थी मास्तरांविषयी फार आपुलकीनं बोलतात, पण ज्याला ती लागली आणि अजून सलते, त्याचंही म्हणणं घ्या. घरच्यांना थोडं जड जाईल, पण पुस्तिकेत खरा माणूस येईल.

एक काम मात्र लगेच करा. पटसंख्येअभावी आपल्याकडच्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळा बंद पडल्या आहेत. आजोबांची शाळा त्यांत असेल, तर जुनं जनरल रजिस्टर कुठं गेलं याची भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. मिळालं तर विद्यार्थ्यांची नावं आजोबांच्याच अक्षरात सापडतील, आणि गावात कुणाचं दार वाजवायचं तेही समजेल. एका पानाचा फोटो काढायची परवानगी मागा आणि तो पुस्तिकेत छापा.