सांगलीच्या हळद सौद्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रक्रिया एकाच लॉटवर बोली नोंदवतात. हजार चाचण्या पास झाल्या, तर तो बिनचूक मानावा का?

मानू नये, चाचणीत जो क्रम घडलाच नाही त्याविषयी चाचणी काहीच सांगत नाही, आणि दोन प्रक्रियांची प्रत्येकी दहाच पावले धरली तरी ती एकमेकांत मिसळण्याचे १,८४,७५६ क्रम होतात. त्यापेक्षा अपेक्षित गुणधर्म टेम्पोरल लॉजिकमध्ये, म्हणजे ‘नेहमी’ आणि ‘कधीतरी’ ही पदे असलेल्या मोडल लॉजिकच्या (‘शक्य’ आणि ‘अपरिहार्य’ यांच्या तर्कशास्त्राच्या) शाखेत, लिहावेत आणि स्पिनसारख्या मॉडेल चेकरकडून, म्हणजे प्रोग्रॅमचे आपण लिहिलेले मॉडेल आपोआप तपासणाऱ्या साधनाकडून, सर्व शक्य अवस्था तपासून घ्याव्यात. प्रोग्रॅमसाठी टेम्पोरल लॉजिक वापरण्याचा मार्ग संगणकशास्त्रज्ञ अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये मांडला. आपल्याला दोन विधाने पुरतील:

- दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी त्याच लॉटवर लिहीत आहेत, असे कधीही होत नाही.
- लॉट मागणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला तो कधीतरी मिळतोच.

पहिले विधान मोडत असेल, तर साधन चुकीपर्यंतचा क्रम पावलागणिक दाखवते, आणि माझ्या मते खरा लाभ हाच आहे. दुसरे विधान मात्र, प्रत्येक प्रक्रियेला पुन्हा पुन्हा चालण्याची संधी मिळते हे गृहीत धरल्याशिवाय, सहसा सिद्ध होत नाही. शिवाय तपासले जाते ते आपण लिहिलेले मॉडेल. मूळ प्रोग्रॅम त्याच्याशी जुळत नसेल, तर निष्कर्ष त्याला लागू होत नाही.