पहिला हप्ता येईपर्यंत

प्रश्न : मी इतिहासात एम.ए. केलं. यंदा नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली, विद्यापीठात पीएच.डी.चा प्रवेशही जवळपास ठरलाय. घरी कोरडवाहू शेती. बाबा म्हणतात, "तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लाग, फेलोशिपचा काय भरवसा?" दोन्ही सोबत जमेल का?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : नाही, बाळ. फेलोशिप घेताना दुसरीकडे पगारी काम करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. दोन्हीकडून पैसे घेतलेस तर पुढे फेलोशिप परत भरायची वेळ येते.

पण तुझ्या बाबांची शंका उडवून लावू नकोस. रक्कम चांगली आहे. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग समितीने काम पाहून शिफारस केली की ४२,०००. एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. घोर असतो तो पैसे कधी येतील याचा. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या एका मुलीच्या खात्यात पहिला पैसा आठव्या महिन्यात पडला. तोवर मेसचे पैसे ती मैत्रिणींकडून उसने घेत होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात जायचं तिने तिसऱ्यांदा पुढे ढकललं, तेव्हा कुठे मला कळलं की तिच्याकडे एसटीच्या तिकिटाचेही पैसे नाहीत. गाइड म्हणून मी आधीच विचारायला हवं होतं, हे अजून टोचतं. रुजू झाल्या दिवसापासूनची थकबाकी तिला एकरकमी मिळाली, पण मोडीची दप्तरं चाळायचे ते महिने गेलेच.

म्हणून आठ महिन्यांच्या राहण्या-जेवणाची सोय आधी लाव. वसतिगृहासाठी लगेच अर्ज कर. खोली मिळाली तर घरभाडे भत्ता मिळत नाही, तरी सुरुवातीला खोलीच घे. अनामत आणि भाडं खिशातून भरण्यापेक्षा ते बरं. आणि पहिल्याच आठवड्यात विद्यापीठात विचार, की पोर्टलवर दरमहा फेलोशिपची खातरजमा कोण करतं. ती राहिली की त्या महिन्याचे पैसे अडकतात. त्या टेबलावरच्या माणसाचं नाव तुला ठाऊक हवं.

इतिहासाला आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये वेगळे मिळतात. प्रवासाची तिकिटं, झेरॉक्सच्या पावत्या जपून ठेव.

सोय होतच नसेल तर एक वर्ष तासिका तत्त्वावर शिकव, पैसे साठव. फेलोशिपचं पत्र मिळाल्यापासून तीन वर्षांत पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो. त्यामुळे वर्षभर थांबलीस म्हणून ती हातची जाणार नाही. मात्र पत्रावरची तारीख बाबांना दाखव, आणि कोणत्या महिन्यात निघणार ते दोघांनी आत्ताच ठरवा.