डॅशकॅम, डीव्हीडी प्लेअर आणि हवा भरायचा पंप: तिन्हींसाठी एकच अडॅप्टर बनवून घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: लायटरच्या सॉकेटमधून डॅशकॅम, मागच्या सीटवरचा ९ व्होल्टचा जुना डीव्हीडी प्लेअर आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप, तिन्ही चालतील असा एकच अडॅप्टर बनवून घ्यायचाय. असा तयार मिळत नाही, मग बनवणाऱ्याला नेमकं काय सांगायचं?

आधी पंप यातून बाहेर काढा. त्यात मोटर असते. चालू असताना तो सहज १० अँपिअरच्या आसपास खेचतो आणि सुरू होतानाच्या क्षणाला त्याच्या कितीतरी पट. लायटर सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो, म्हणजे पंप एकटाच सगळं खाऊन टाकणार. त्याच वायरवर डॅशकॅम असेल तर पंपाचं बटण दाबल्याबरोबर तो बंद होऊन पुन्हा सुरू होईल. पंप एकटा, थेट सॉकेटवर, इंजिन चालू ठेवून वापरा.

डॅशकॅमसाठीही काही बनवून घेऊ नका. त्याला ५ व्होल्ट लागतात आणि फ्यूज बॉक्सला जोडायचे तयार हार्डवायर किट मिळतात. त्यात बहुधा तीन वायरी असतात: पिवळी कायमच्या सप्लायला, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या सप्लायला, काळी बॉडीला. बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की ते आपोआप बंद होतात. हे घरगुती अडॅप्टरमध्ये करायला गेलात तर डोक्याला ताप. पार्किंगमध्ये कॅमेरा ०.३ अँपिअर जरी घेत असला तरी चोवीस तासांत ७ अँपिअर-अवर जातात, आणि लहान गाडीची बॅटरी ३५ ते ४५ची असते. चार दिवस गाडी उभी राहिली तर धक्काच मारायचा.

म्हणजे उरला डीव्हीडी प्लेअर. तो मात्र बनवून घेण्यासारखा विषय आहे, आणि त्यात मी एकदा तोंडावर आपटलोय.

मी बनवणाऱ्याला एवढंच सांगितलं होतं, ‘१२चे ९ करून दे.’ त्याने दिले. ७८०९ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर, मागे अॅल्युमिनियमची छोटी पट्टी, आणि सगळं साबणाच्या डबीएवढ्या प्लास्टिकच्या खोक्यात बंद. त्याच्या टेबलावर मस्त चाललं. गाडीत पंधरा-वीस मिनिटांनी प्लेअर बंद. थोड्या वेळाने आपोआप चालू, परत बंद. खोक्याला हात लावला तर चटका बसला. घोळ साधा होता. इंजिन चालू असताना गाडीत १२ व्होल्ट नसतातच, १३.८ ते १४.४ असतात. १४.२ धरा. त्यातले ९ प्लेअरला, उरलेले ५.२ व्होल्ट तो रेग्युलेटर उष्णता करून जाळतो. प्लेअर १.२ अँपिअर घेत होता, म्हणजे ६ वॅटच्या वर. पार्किंगचा ५ वॅटचा पेटलेला बल्ब बंद डबीत ठेवल्यासारखं झालं. तापला की रेग्युलेटर स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. बनवणाऱ्याची चूक म्हणता येत नाही; मी सांगितलं तेच त्याने केलं.

तेव्हा ‘१२ व्होल्ट’ हा शब्दच वापरू नका. ‘इनपुट १० ते १५, आउटपुट ९ व्होल्ट, सलग २ अँपिअर, बक कन्व्हर्टर हवा’ असं सांगा. बक कन्व्हर्टर व्होल्टेज जाळत नाही, झपाझप चालू-बंद करून उतरवतो, म्हणून गरम कमी होतो. २ अँपिअर हा माझा अंदाज. प्लेअरच्या मागच्या स्टिकरवर बघा आणि त्यावर तीसेक टक्के वाढवून सांगा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज १०च्याही खाली जातं, तेव्हा प्लेअर क्षणभर बंद पडला तर पडू दे, त्यासाठी पैसे घालवू नका.

चिप कुठली, हे मात्र विचारा. २५९६ची चिप ४० व्होल्टपर्यंतचा इनपुट सोसते. दिसायला सुबक असं १५८४चं छोटं मॉड्यूल २८ व्होल्टपर्यंतच. फरक पडतो, कारण इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल ढिला होऊन निसटला तर अल्टरनेटर क्षणभर याहून बरंच जास्त फेकू शकतो. म्हणून इनपुटला टीव्हीएस डायोड (अचानक आलेलं जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) आणि एक फ्यूज मागून घ्या. टीव्हीएस रुपयाचा वाटतो पण जीव वाचवतो. कपॅसिटर १०५ डिग्रीचे हवेत, ८५चे नाही. उन्हात बंद गाडीत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता जॅक. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. बाहेरून ५.५ मिलिमीटरचे दोन सारखे दिसणारे जॅक असतात, एकाचं आतलं भोक २.१चं, दुसऱ्याचं २.५चं. २.१चा जॅक जाड पिनवर बसतच नाही, ते बरं, लगेच कळतं. पण २.५चा जॅक २.१च्या पिनवर छान बसतो आणि आत ढिला राहतो. गाडी खड्ड्यात गेली की चित्र गायब. आपण महिनाभर वायरीला दोष देत बसतो. मोजमापाच्या भानगडीत न पडता प्लेअर सोबत घेऊन जा आणि समोर लावून बघा. प्लस आत आहे की बाहेर, हेही प्लेअरवरच्या गोलाच्या खुणेत पाहून घ्या. उलटं झालं तर प्लेअर गेलाच.

कन्व्हर्टरचा डबा डॅशबोर्डजवळ न ठेवता मागे प्लेअरजवळ ठेवायला सांगा. तीन मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर. बारीक वायरीत एक व्होल्ट सहज गळतो. ९चे ८ झाले तर प्लेअर कुरकुरतो, १४चे १३ झाले तर कन्व्हर्टरला पत्ताही लागत नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी एक सोपा मार्ग बघा, मला तो उशिरा कळला. यूएसबी-सी पीडीचा (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे उपकरण मागेल ते व्होल्टेज देणारा) कार चार्जर असेल आणि त्यावर ९ व्होल्ट छापलेले असतील, तर ‘ट्रिगर केबल’ (चार्जरकडे ठरावीक व्होल्टेज मागणारी केबल) लावून त्यातून थेट ९ व्होल्ट घेता येतात, ३ अँपिअरपर्यंत. केबल ९ला पक्की बांधलेली घ्या. बटणाने व्होल्टेज बदलणारी नको, चुकून २०वर गेली तर प्लेअरचा धूर.

बनवूनच घेतलात तर डबा ताब्यात घेण्यापूर्वी तासभर प्लेअर त्यावर चालवा, मधूनमधून हात लावून बघा आणि मल्टीमीटरने ९ राहतायत ना ते पाहा. मग गाडीत बसून एफएम लावा. कन्व्हर्टर चालू केल्यावर रेडिओत खरखर वाढली तर इनपुट-आउटपुट दोन्ही वायरींवर फेराइट (खरखर अडवणारं काळं चुंबकी कडं) बसवून द्यायला सांगा. पूर्ण पैसे त्याच्यानंतर.