ते पिल्लू पडलेलं नसतं

प्रश्न : नमस्कार बाई. आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, जास्वंदीवर बुलबुलानं घरटं केलं होतं. काल दुपारी त्यातलं एक पिल्लू खाली मातीत बसलेलं दिसलं. उडता येत नव्हतं. मांजर टपून होती, म्हणून मुलानं ते उचलून चपलांच्या खोक्यात ठेवलं. दूध-पोळी देतो, पण चोचच उघडत नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही, असं सासूबाई म्हणतात. काय करावं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमचा निरोप वाचल्याबरोबर मी फोनवर सांगितलं होतं, की पिल्लाला त्याच जास्वंदीच्या दाट फांदीवर बसवा, मांजर कोंडा आणि सगळे घरात जा. अर्ध्या तासात आईबाप आले, हे तुम्हीच कळवलंत. पण दर मे महिन्यात हाच प्रश्न येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

ते पिल्लू पडलेलं नव्हतं, निघालेलं होतं. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण १२ ते १४ दिवसांत घरटं सोडतात आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. अंगावर पिसं असतात, पण शेपूट आखूड असते, बुडाखालचा लाल रंगही फिकाच. पुढचे काही दिवस ती झुडपात, कधी जमिनीवर टुणटुण हिंडतात. नर-मादी दोघंही शोधून शोधून त्यांना भरवतात.

यंदा माझ्या मेहंदीच्या कुंपणात घरटं आहे. सकाळी सहा ते सात मी ओसरीतून हलले नाही, तेवढ्यात अकरा खेपा झाल्या. एकदा मादीनं नाकतोडा आणला. फांदीवर आपटून आपटून त्याच्या तंगड्या झाडल्या, मग पिल्लाच्या घशात खोल कोंबला. गिळून होताच पिल्लू वळलं, बूड वर केलं आणि पांढरी, पातळ पिशवीत बांधल्यासारखी विष्ठा बाहेर आली. मादीनं ती चोचीत धरली आणि दूर नेऊन टाकली. घरटं स्वच्छ. दुपारी ऊन फांदीतून आत शिरलं, तशी ती चोच वासून, धापा टाकत, पंख पसरून पिल्लांवर उभी राहिली. ही आई हात लागला म्हणून पिल्लू टाकेल का? सासूबाईंनी सांगितलं ते मीही लहानपणी ऐकलंय, पण ते खरं नाही. ती वासाला नाही, आपल्या तिथं उभं राहण्याला घाबरते.

दुधाचं मात्र जीव तोडून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच एक पिल्लू मी घरी आणलं आणि कापसाच्या वातीनं दूध पाजलं. सकाळी ते ताठ झालेलं होतं. पक्ष्यांना दूध पचत नाही. शिवाय त्यांच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, वरून सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. पाणीसुद्धा पाजू नका. ते पिल्लू मला अजून आठवतं.

पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू सापडलं तर गोष्ट वेगळी. ते खरंच पडलेलं असतं. अलगद उचलून घरट्यात ठेवा. वावधनानं, म्हणजे वादळवाऱ्यानं, घरटंच मोडलं असेल, तर लहान टोपलीत वाळलं गवत घालून ती त्याच झाडाला, सावलीच्या बाजूनं बांधा आणि लांबून बघा. मांजरीचा दात लागला असेल तर वाट बघू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा. बुलबुल घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे मुलालाही सांगा. त्यानं कळवळ्यानंच उचललं, म्हणून रागावू नका. त्याला एक वही द्या, खेपा मोजू द्या.

प्रश्न : पक्ष्यांसाठी पाणी कशात ठेवावं?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : मातीच्या पसरट भांड्यात, दोन बोटं पाणी आणि मधे बसायला एक दगड. खोल गंज किंवा बादली नको, पिल्लं बुडतात. स्टीलचं ताट तर उन्हात चटके देतं. झाडाच्या सावलीत ठेवा, पण मांजर दडेल अशा झुडपाला चिकटून नको. रोज घासा. आणि नवतपा, म्हणजे मे अखेरीला सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत दुपारी एकदा पाणी बदलाच. बारा वाजता त्यात बोट बुडवून बघा, बंबातलं वाटेल.