इतिहासाच्या शिक्षकाला सोबत देणारे काम

स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी इतिहास घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या सुट्टीत तिने गावच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दोन महिने विनावेतन शिकवले, आणि तेव्हापासून ती म्हणते की, इतिहास शिकवणाऱ्यांसाठी साहित्य तयार करायचे आहे, संग्रहालये आणि दप्तरखाने शाळांशी जोडायचे आहेत. याला नोकरी म्हणता येईल का, की तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असे आपण विचारले आहे.

केवळ या कामासाठी नेमणूक होईल अशी पदे आपल्या भागात जवळपास नाहीत, हे आधीच सांगतो. तिने प्रथम रीतसर शिक्षिका व्हावे आणि हे काम शाळेत राहून उभे करावे, असे माझे मत आहे. मात्र तिला जे दिसले ते अगदी खरे आहे. कर्नाटकाच्या हायस्कुलात समाजविज्ञान या एकाच विषयात इतिहासाबरोबर राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन येते, आणि हे सारे बहुधा एकाच शिक्षकाला शिकवावे लागते. त्यातून मराठी माध्यमाच्या शिक्षकाला पाठ्यपुस्तकाखेरीज हाताशी धरावे असे फार थोडे मिळते. त्याला आणखी उपदेशाची गरज नाही; उद्याच्या तासाला वर्गात नेता येईल असा एक कागद त्याला हवा असतो.

असा कागद काय करू शकतो, हे मी एका गावी पाहिले आहे. देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड, होता. मुले रोज त्याच्या शेजारी चपला काढत, पण तो कोणता देव हे कुणी विचारले नव्हते. शिक्षिकेने नववीच्या मुलांना त्याच्यासमोर बसवले आणि खालच्या चौकटीपासून वर पाहायला सांगितले. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. 'हा मेला कसा, आणि दगड उभा करण्याचा खर्च कुणी केला असेल?' या दोनच प्रश्नांवर पाऊण तास गेला. एका कन्नडभाषक मुलाने घरी याला वीरगल्लु म्हणतात असे सांगितले, आणि मराठीतला गळ व कन्नडमधला कल्लु एकच, हे मुलांनी स्वतः ताडले. त्या शिक्षिकेजवळ एका प्राध्यापकाने काढून दिलेले एका पानाचे टिपण होते. एवढीच ती भागीदारी, पण तिच्यामुळे तास उभा राहिला.

आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. खानापूर तालुक्यातील हलशी ही कदंब राजांची पलाशिका. तेथील ताम्रपट अभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहेत. बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजांच्या काळातील कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, नंदगडला १८३१ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले गेले, आणि टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही आहे. महात्मा गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले ते याच एका अधिवेशनात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या विहिरीच्या काठावर उभे राहून समजून घेणे वेगळे.

कागदपत्रांचे मात्र तसे नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या सरकारी कागदांचा मोठा भाग मुंबईच्या आणि पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, तर शिलालेखांच्या अभ्यासाची मोठी परंपरा धारवाडला आहे. म्हणजे एका गावाचा इतिहास सांगायला मराठी, कन्नड आणि मोडी अशा तिन्ही वाटा लागतात, आणि त्या तिन्ही चालणारे माणूस विरळा. आपल्या मुलीने हेच कौशल्य कमवावे. कन्नड तिला बोलता येत असेल. शिलालेखांवरील लेखन वाचण्याइतके ते पक्के करावे. मोडीला सरावाचे काही महिने द्यावेत, कारण मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते.

अमेरिकेत या क्षेत्राला 'सार्वजनिक इतिहास' हे नाव १९७० च्या दशकात मिळाले, आणि १९७४ मध्ये क्लीव्हलँड येथे सुरू झालेल्या 'नॅशनल हिस्टरी डे' या उपक्रमात विद्यापीठाचे प्राध्यापक शाळकरी मुलांच्या शोधनिबंधांशी जोडले गेले. ते जसेच्या तसे उचलण्याची गरज नाही, परंतु विद्यापीठाने शाळेकडे जायचे असते ही रीत घेण्यासारखी आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथील इतिहास विभागाला ती विद्यार्थिनी म्हणून आजही पत्र लिहू शकते.

शिक्षणाचा क्रम असा ठेवावा: बी. ए.नंतर दोन वर्षांचे बी. एड., त्यासोबत शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर, ज्यात १५० पैकी ६० गुण समाजविज्ञानाला असतात, आणि नोकरी लागल्यावर एम. ए. भरती कधी निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून बँकेची परीक्षाही द्यायची असेल तर तिने ती द्यावी. त्यात कमीपणा नाही.

एक काळजी मात्र वडील म्हणून आपण तिला अवश्य सांगावी. सीमाभागात इतिहासाचा शब्दन्‌शब्द कुणाला ना कुणाला लागतो. तिच्या टिपणात प्रत्येक विधान कोणत्या कागदावरून किंवा दगडावरून घेतले ते लिहिलेले असावे, आणि ते मराठी व कन्नड दोन्ही भाषांत असावे, म्हणजे शेजारच्या कन्नड शाळेतले सरही ते वापरतील.

परीक्षा संपल्यावर ती जेथे शिकवत होती त्या हायस्कुलात तिला पुन्हा पाठवा. तेथील सरांना पुढच्या वर्षी कोणत्या धड्यासाठी मदत हवी आहे हे तिने आधी विचारावे, आणि त्याच धड्यावर एका पानाचे पहिले टिपण करावे. ते मला पाठवले तर मी दुरुस्त्यांसह परत पाठवीन.