'इन द कॉर्नर' ही नक्की कोणती फ्रेज?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. 'द मॅन इन द कॉर्नर इज माय अंकल' या वाक्यातल्या 'इन द कॉर्नर'ला घरातल्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात ॲडजेक्टिव्ह फ्रेज म्हटलंय. क्लासच्या वहीत मात्र प्रिपोझिशनल फ्रेज लिहून दिलंय. पेपरात काय लिहायचं? मी मराठी माध्यमातली, मला तर फ्रेज आणि क्लॉज यांतच गोंधळ होतो.
– एक पालक, वाई

उत्तर : ताई, आधी गोंधळ मिटवू. कर्ता आणि काळ दाखवणारं त्याचं क्रियापद ही जोडी असेल तर तो क्लॉज, नसेल तर फ्रेज. 'आफ्टर द रेन' ही फ्रेज. 'आफ्टर द रेन स्टॉप्ड' हा क्लॉज.

आता पुस्तक आणि वही. दोन्ही बरोबर आहेत. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं रेन आणि मार्टिन या लेखकांचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक बघतं ते फ्रेजचं वाक्यातलं काम : नामाचं, विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं. नंतरचे व्याकरणकार, उदाहरणार्थ १९८५ सालचं मोठं व्याकरण लिहिणारे क्वर्क आणि त्यांचे सहकारी, फ्रेज कशी बांधलीय ते बघतात. त्यांचे प्रकार पाच : नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब आणि प्रिपोझिशनल. 'इन द कॉर्नर'ची सुरुवात 'इन' या प्रिपोझिशनने होते म्हणून बांधणीने ती प्रिपोझिशनल, आणि 'मॅन'बद्दल सांगते म्हणून कामाने ॲडजेक्टिव्ह. 'ही सॅट इन द कॉर्नर' म्हटलं की बांधणी तीच, पण काम ॲडव्हर्बचं.

हे काम ओळखायला तुमची मराठीच कामी येईल. मी वर्गात मुलांना आधी वाक्य मराठीत म्हणायला लावायचे. 'कोपऱ्यातला माणूस', पण 'कोपऱ्यात बसला'. शेवटी ला-ली-लं किंवा चा-ची-चं आलं की ते विशेषणाचं काम. नुसतं 'त' किंवा 'वर' राहिलं की क्रियाविशेषणाचं. इंग्रजीत हा फरक शब्दावर दिसतच नाही. 'पुट द कीज ऑन द टेबल इन द बॅग' ऐकून इंग्रजी शिकणारा गांगरतो. मराठीत आपण 'टेबलावरच्या किल्ल्या पिशवीत ठेव' म्हणतो आणि कोणती फ्रेज कुणाची ते लगेच कळतं. मराठी माध्यमात शिकल्याची खंत बाळगू नका, इथे मराठी हीच तुमची जमेची बाजू आहे.

नाउन फ्रेजवर मात्र जास्त वेळ द्या, कारण मार्क तिथे जातात. 'द बॉक्स ऑफ मँगोज' यात मुख्य शब्द 'बॉक्स'. मराठीत 'आंब्यांची पेटी जड आहे' म्हणताना पेटी क्रियापदाच्या जवळ येते, त्यामुळे चूक होत नाही. इंग्रजीत पेटी पुढे जाते आणि क्रियापदाशेजारी उरतात आंबे, म्हणून मुलं हमखास 'मँगोज आर हेवी' लिहितात. हवं 'इज'. मुलीला सांगा, संपूर्ण फ्रेज काढून तिथे 'इट' किंवा 'दे' ठेवून बघ. एकच पेटी, म्हणून 'इट'. मग 'इज' आपोआप येतं. फ्रेज कुठे संपते तेही यातूनच समजतं. 'द बॉय इन द रेड शर्ट'च्या जागी 'ही' ठेवायचं तर लाल शर्टासकट अख्खी फ्रेज उचलावी लागते, नुसता 'बॉय' काढून भागत नाही.

'स्विमिंग इन द रिव्हर'सारख्या फ्रेजही अशाच तपासा. 'नदीत पोहणं धोक्याचं' असा अर्थ निघाला तर ती नामाचं काम करणारी जेरंड फ्रेज, 'नदीत पोहणारी मुलं' असा निघाला तर विशेषणाचं काम करणारी पार्टिसिपल फ्रेज.

पेपरात प्रश्नाची सूचना नीट वाचायला सांगा. ॲडजेक्टिव्ह की ॲडव्हर्ब असं विचारलं असेल तर काम लिहायचं. नुसतं 'फ्रेजचा प्रकार ओळखा' असेल तर शाळेचं पाठ्यपुस्तक ज्या पद्धतीने नावं देतं तेच लिहायचं, आणि ती पद्धत कोणती हे परीक्षेआधीच वर्गशिक्षकांना विचारून घ्या.