बेळगाव भागात मेलेली म्हैस पुरायला जेसीबीवाल्याने ३,५०० रुपये घेतले. हे जास्त नाहीत का?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की जुलैचे दिवस होते, रात्री आठला फोन केला, आणि गावातले जाणते म्हणतात, चार फूट खड्डा नि एक पोतं मीठ, पाचशेत काम झालं असतं. त्या मिठामुळे लिहायला बसलो. माझी स्वतःची जेसीबी आहे, बेळगाव आणि खानापूर तालुक्यात चालते. मी जेसीबीवाल्याची बाजू घेणार हे आधीच धरून चाला.

नाही, जास्त नाहीत. हिशोब बघा.

पूर्ण वाढलेली म्हैस साडेचारशे-पाचशे किलो भरते. तिला खड्डा लागतो ८ फूट लांब, ६ फूट रुंद, ८ फूट खोल. म्हणजे ३८४ घनफूट, पावणेचार ब्रासच्या वर माती. साध्या तांबड्या मातीत एवढं काढायला मशीनला पाऊण तास पुरतो, मुरूम लागला तर सव्वा तास. जांभा लागला तर बकेटचे दात नुसते खरडतात, वर काही येत नाही. मग दगड फोडायचा ब्रेकर लावायचा, त्याचा दर वेगळा. म्हैस गोठ्यातून आणणं, उतरवणं, माती लोटून दाबणं यात अर्धा तास. सात-आठ किलोमीटर यायला वीस मिनिटं, जायला वीस मिनिटं. मशीन तुमच्या बांधावर उगवत नाही. सगळे मिळून दोन तास धरा. माझा दर तासाला १,३०० आहे, म्हणजे २,६०० झाले. त्यात तासाला सहा लिटरच्या आसपास डिझेल जातं. जुलैत चिखलाच्या वाटेने रात्री मशीन घालायची म्हटल्यावर वरचे नऊशे मीही मागितले असते, कारण रुतली तर काढायला दुसरी मशीन मीच आणणार असतो.

हाताने खणतो म्हणाल, तर एक गडी दिवसाला जेमतेम ब्रासभर माती काढतो, तीही वरची. छातीच्या खाली गेल्यावर माती वर फेकायला दुसरा माणूस लागतो. पाचशे-सहाशेच्या चार-पाच हजेऱ्या होतात. पैसे जवळपास तेवढेच, आणि म्हैस दोन दिवस तशीच पडून.

आता आठ फूटच का, ते सांगतो. म्हैस कुशीवर झोपवली की दोन-अडीच फूट उंची घेते. फुगल्यावर तीन फुटांवर जाते. चार फुटांच्या खड्ड्यात वर एकच फूट माती उरते. पोटातल्या वायूने ती माती उचलली जाते, भेगा पडतात, आणि त्या भेगांतून येणारा वास कुत्र्याला लांबून कळतो. पूर्वी माळावर टाकलेलं जनावर गिधाडं तासाभरात संपवायची. डायक्लोफेनॅकने ती गेली. जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ ला बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आता तो मान कुत्र्यांच्या टोळ्यांकडे आहे, आणि मेलेल्या म्हशीवर पोसलेली टोळी पुढे जिवंत शेळ्यांवर येते. म्हणून म्हशीच्या वर निदान चार-पाच फूट माती हवीच.

रुंदी सहा फूट लागते ती पायांमुळे. मेल्यावर काही तासांत पाय ताठतात आणि खड्ड्याच्या कडेला अडकतात. मग म्हैस तिरकी बसते, एक खूर वर राहतो आणि लोक म्हणतात, चालतंय. चालत नाही. उपाय साधा आहे. अंग गरम असतानाच पुढचे-मागचे पाय दुमडून कासऱ्याने पोटाशी बांधून टाका. मग साडेचार फूट रुंदीत भागतं आणि ब्रासभर खोदाई वाचते. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा, खोलीत नको.

मिठाचं आता. खानापूर रस्त्याकडेच्या एका शिवारातली गोष्ट आहे, कुणाचं शेत ते सांगत नाही. भाताच्या खाचरात चार फुटांचा खड्डा, पन्नास किलोची दोन पोती खडेमीठ, वरून सपाट माती, आणि खालच्या अंगाला साठ फुटांवर विहीर. विसाव्या दिवशी कुत्र्यांनी मागचा पाय बाहेर ओढला तेव्हा मशीन बोलावली. उकरल्यावर काय दिसावं? पोटाकडचा भाग कुजून पाणी झालेला, आणि जिथे मीठ थराने बसलं होतं तिथलं कातडं जसंच्या तसं, केसांसकट, ढोलाला लावावं इतकं टणक. बाकीचं मीठ खड्ड्यात साचलेल्या पाण्याबरोबर विहिरीत उतरलं होतं. पाणी तोंडात धरवत नव्हतं. मग माळावर नऊ फुटांचा नवा खड्डा, जुन्यातली काळी पडलेली माती काढून तीही तिथे, मशीनचे चार तास. विहीर दोनदा उपसून ब्लीचिंग पावडर टाकली, तरी ते पाणी प्यायला नको म्हणून महिनाभर पिण्याच्या पाण्याचा टँकर. पाचशेत झालेलं काम दहा हजारांच्या पुढे गेलं.

मीठ कुजवत नाही, टिकवतं. कारवारकडून येणारा सुका बांगडा आपण बाजारात विकत घेतो तो मीठ लावलेलाच असतो ना? तो कुजू नये म्हणूनच लावतात. कुजवणारे जंतू म्हणजे तुमचे फुकटचे मजूर, आणि मीठ त्यांनाच मारतं. आमच्या मेव्हण्यांना हे दहा वर्षं सांगतोय. ते म्हणतात, मिठाने हाडं विरघळतात. कुठल्या लोणच्यात कोय विरघळली ते त्यांनी एकदा दाखवावं.

चुन्याचंही तेच. चुन्याने लवकर कुजतं हा गैरसमज आहे, उलट मंदावतं. चुना वासाला आणि कुत्र्यांना आवर घालतो एवढंच. टाकायचाच तर अंगावर न ओतता, आधी दीड फूट माती आणि मग वीस-पंचवीस किलोचा थर. भाजलेला चुना असेल तर वाऱ्याकडे पाठ करून टाका, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

जागा विहीर, बोअर, ओढा यांपासून शंभर मीटर तरी लांब आणि उताराला खालच्या अंगाला हवी. खड्ड्याच्या तळापासून पाणी निदान तीन-चार फूट खाली असलं पाहिजे. उन्हाळ्यात हे सोपं आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याकडच्या भाताच्या शिवारात किंवा कणकुंबीच्या अंगाला तीन-चार फुटांवरच पाणी लागतं. तिथे आठ फूट खणलात तर विहीरच खणली म्हणायची. अशा वेळी उंचावरची जागा शोधा, स्वतःची नसेल तर भावकीत मागा, ग्रामपंचायतीत पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) विचारा. पाण्यात म्हैस पुरण्यापेक्षा पाच किलोमीटर नेणं परवडतं.

उतरवल्यावर डाव्या कुशीत, बरगड्यांमागच्या खळगीत, टोकदार पहारीने भोक पाडा म्हणजे वायू निघून जातो. (हे कधी करायचं नाही ते खाली लिहिलंय, आधी ते वाचा.) गोठ्यातला भिजलेला पेंढा, शेण, चघळलेला चारा त्याच खड्ड्यात. माती भरताना दर दोन फुटांना बकेटने दाबायची. वर दोन फुटांचा उंचवटा ठेवायचाच. मालक हमखास सांगतो, सपाट करा, पेरायचंय. सहा-आठ महिन्यांत म्हैस बसते, माती खाली जाते, सपाट केलेल्या जागी डबकं होतं आणि त्यात ट्रॅक्टरचं चाक जातं. वर्षभर तिथून नांगर फिरवू नका.

शेळी, करडू, लहान वासरू यांना मशीन बोलावू नका, तिथे खरंच पैसे वाया जातात. उंच जागी भाताचा तूस किंवा साखर कारखान्याचा बगॅस (उसाचा चोथा) आणि शेणखत मिसळून दोन फुटांचा थर, त्यावर जनावर, चारी बाजूंनी आणि वरून पुन्हा दोन फूट. ओल इतकीच की मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये. भोवती कुत्र्यांसाठी जाळी. आतून हात भाजेल इतकं तापतं. चार-सहा महिन्यांत मोठी हाडं सोडून काही राहत नाही. नुसत्या तुसात होत नाही, शेणखत हवंच.

जाळायचं म्हणाल तर मोठ्या जनावराला टनभर तरी लाकूड लागतं, आणि पावसाळ्यात अर्धवट जळतं.

"पूर्वी फुकटात व्हायचं" असंही एकाने खाली लिहिलंय. फुकटात होत नव्हतं. गावकुसाबाहेरच्या माणसांकडून ओढून घेतलं जायचं, आणि त्याची किंमत ते मोजायचे. बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, लोकांनी सोडलं, बरंच झालं. खर्च तेव्हाही होताच, आता तो ज्याची म्हैस त्याच्या खिशातून जातो इतकंच.

आता जे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते. जनावर अचानक मेलं असेल, नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, पोट झपाट्याने फुगलं असेल आणि तरी पाय नीट ताठले नसतील, तर काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय धरा. तिथे भोक पाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, फरफटत न्यायचं नाही. रक्ताला हवा लागली की जंतू बीजाणू होतात आणि मातीत कित्येक वर्षं टिकतात. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा नमुना घेतील आणि पुढचं तेच ठरवतील. चुन्यातल्या कॅल्शियममुळे हे बीजाणू टिकायला मदतच होते असं मानतात, म्हणून चुन्याचं पोतं फोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. जेसीबीवाल्यालाही आधी सांगा. बकेट धुवायची कशी हा त्याचाही प्रश्न आहे, आणि दुसऱ्या दिवशी तीच बकेट दुसऱ्याच्या शेतात जाते.

साध्या मरणातही डॉक्टर येण्याआधी पुरू नका. विमा असेल तर कानातला बारा अंकी बिल्ला दिसेल असा फोटो, विमा कंपनीला लगेच कळवणं आणि शवविच्छेदनाचा दाखला लागतो. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. साडेतीन हजारांवर वाद घालणारे लोक हा दाखला न घेता पन्नास-साठ हजारांची म्हैस मातीआड करतात, हे मी खड्ड्याच्या काठावरून बघत असतो. विमा नसला तरी कर्नाटकात अनुग्रह योजना आहे. अपघाती मरणाला गाई-म्हशीमागे १०,००० मिळायचे, ते २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १५,००० केले. पुरात गेली तर आपत्ती निवारण निधीतून दुभत्या जनावराला ३७,५०० चा दर आहे. दोन्हीकडे डॉक्टरचा कागद मागतात.

आणि पुन्हा कधी वेळ आली, येऊ नये, तर फोनवर जेसीबीवाल्याला एवढं आधीच सांगा: वाट आठ फूट रुंद आहे का, खड्ड्याच्या जागेवरून हेस्कॉमची (विजेची) तार जाते का, ठिबकची किंवा विहिरीची पाइपलाइन कुठून गेलीय, आणि तिथे मुरूम किती फुटांवर लागतो. ही चार उत्तरं मिळाली तर मी निघण्याआधीच दर सांगतो.